भात लावणीची तारीख ठरवणारा कायदा : पंजाब-हरियाणाचा अनुभव काय सांगतो?

पंजाबात भाताची रोपवाटिका केव्हा टाकावी आणि रोपांची लावणी केव्हा करावी, हे केवळ शेतकऱ्याच्या मर्जीवर किंवा पावसाच्या लहरीवर अवलंबून नाही. ते कायद्याने ठरते. 'पंजाब भूजल संरक्षण अधिनियम, २००९' या कायद्यानुसार १० मेपूर्वी रोपवाटिका टाकण्यास आणि १० जूनपूर्वी, किंवा शासन वेळोवेळी अधिसूचित करील त्या तारखेपूर्वी, लावणी करण्यास मनाई आहे. नियम मोडल्यास रोपवाटिका किंवा लावलेले पीक शेतकऱ्याच्या खर्चाने नष्ट करविण्याचा अधिकार शासनाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला आहे. शिवाय हेक्टरी, दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला, १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आधी २००८ मध्ये अध्यादेश निघाला आणि पुढील वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. हरियाणानेही २००९ मध्येच असा कायदा केला. तेथे मूळ तारखा १५ मे आणि १५ जून अशा होत्या.

मृद् व जलसंधारणाचे नियम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बांधबंदिस्ती, समतल चर, शेततळे आणि विहिरींमधील अंतर येते. पंचांगातील एका तारखेवर जलसंधारणाचा सारा भार टाकणारा हा नियम म्हणूनच वेगळा ठरतो. त्याने पाणी वाचवले. पण त्याच तारखेने ऑक्टोबरातील धूर, गव्हातील कीड आणि वाणांची निवड या गोष्टीही हलवल्या. कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून या साखळीचा काही भाग मी जवळून पाहिला आहे. देशाच्या कोणत्याही भागात विस्ताराचे काम करणाऱ्यांना त्यापासून शिकण्यासारखे बरेच आहे, असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

तारखेवरच नियंत्रण का?

जमिनीखालच्या पाण्यावरील मालकीचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमापासून, आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा, ही धारणा रुजलेली आहे. पंजाबात १९७०-७१ साली भाताखाली जेमतेम ३.९ लाख हेक्टर क्षेत्र होते. हमीभाव, खात्रीची शासकीय खरेदी आणि पुढे शेतीपंपांना मिळालेली मोफत वीज यांमुळे २००८-०९ पर्यंत ते सुमारे २७ लाख हेक्टरांवर पोहोचले. लाखो कूपनलिकांपैकी प्रत्येकीवर जलमापक बसवणे आणि उपशाचा हिशेब ठेवणे राजकीय व प्रशासकीय, दोन्ही दृष्टींनी अवघड होते. वीज मोफत असल्याने दराचा लगामही उरला नव्हता.

अशा स्थितीत कायदा करणाऱ्यांनी पाण्याचे मोजमाप बाजूला ठेवले आणि पिकाच्या दिनदर्शिकेला हात घातला. त्यामागचे शास्त्र साधे आहे. मे अखेर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पंजाबचे आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारे तप्त असतात. या काळात दिवसाला सुमारे १० मिलिमीटर बाष्पीभवन होते. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. त्यामुळे चिखलणी केलेल्या, पाण्याने भरलेल्या एका हेक्टरातून दररोज सुमारे १ लाख लिटर पाणी हवेत जाते. मोसमी पाऊस तेथे सर्वसाधारणपणे जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या प्रारंभी पोहोचतो. तोपर्यंतचे सगळे पाणी जमिनीखालूनच येते.

लावणी एक दिवस पुढे ढकलली, तर पिकाच्या शेतातील मुक्कामातून जूनचा एक दिवस कमी होतो आणि ऑक्टोबरचा एक दिवस वाढतो. ऑक्टोबरात बाष्पीभवन दिवसाला सुमारे ४ मिलिमीटरवर उतरलेले असते. म्हणजे ढोबळ हिशेबाने दिवसामागे ६ मिलिमीटर, अर्थात हेक्टरी ६० हजार लिटर पाण्याची बचत होते. दहा दिवसांचा फरक पडला तर हा आकडा ६ लाख लिटरांवर जातो.

या हिशेबात एक बारकावा आहे. भाताच्या खाचरातून खाली मुरणाऱ्या पाण्याचा काही भाग पुन्हा भूजलात मिळतो. ते उपसण्यासाठी वीज खर्च होते. पण ते पाणी परिसराबाहेर जात नाही. हवेत गेलेले पाणी मात्र त्या परिसराला कायमचे मुकले. तारखेचा नियम नेमक्या या खऱ्या तुटीवर बोट ठेवतो आणि तेच त्याचे मोठे बलस्थान आहे.

बांधावरून दिसणारा नियम

अंमलबजावणीच्या दृष्टीनेही हा नियम सोयीचा आहे. लावलेले भात लपवता येत नाही. १० जूनपूर्वी एखाद्या खाचरात रोपे उभी असतील, तर ती रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात. मोजमाप, नमुना, प्रयोगशाळा यांपैकी कशाचीही गरज नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे आपल्याकडील भूजल कायद्यांची आठवण होईल. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर नियंत्रण आणले. २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. हेतू तोच, पण नियमाचे माप अंतर आणि खोली हे आहे. विंधन विहिरीचे यंत्र रात्रीत येऊन पहाटे निघून गेले, तर ६० मीटर झाले की १२० हे नंतर डोळ्यांना दिसत नाही. नियम पाळला गेला की नाही हे सामान्य माणसाला किती सहज कळते, यावर त्या नियमाचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते.

तरीही पाणी का खालावले?

एवढे सगळे असूनही पंजाबची भूजल पातळी सावरलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार राज्याचा भूजल उपसा उपलब्धतेच्या सुमारे १६४ टक्के होता आणि १५३ पैकी ११७ विभाग अतिशोषित गटात होते. कायदा फसला, असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. कायद्याने दर हेक्टरी पाणी वाचवले. पण हेक्टरांची संख्या वाढतच राहिली. अलीकडच्या हंगामांत पंजाबातील भाताचे क्षेत्र ३१ लाख हेक्टरांच्या वर गेले आहे. खरेदीची हमी एका पिकाला आणि पाण्याचा नियम त्याच पिकाच्या तारखेला, अशी ही ओढाताण आहे. तारखेचा नियम पीकपद्धती बदलू शकत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. त्यासाठी हरियाणाने २०२० मध्ये 'मेरा पानी मेरी विरासत' योजनेतून भाताऐवजी अन्य पीक घेणाऱ्यांना एकरी ७ हजार रुपये देऊ केले. पंजाबने २०१८ मध्ये 'पानी बचाओ, पैसा कमाओ' योजनेत वाचवलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे ४ रुपये देण्याचा प्रयोग केला.

तारीख आणि कीड

कीटकशास्त्रात पेरणीची तारीख हे व्यवस्थापनाचे जुने साधन आहे. महाराष्ट्रात कपाशीवरील गुलाबी बोंड अळीचे जीवनचक्र तुटावे म्हणून १ जूनपूर्वी लागवड होऊ नये, अशा बेताने बियाणे विक्रीच्या तारखा ठरवल्या जातात आणि फरदड घेऊ नये असे सांगितले जाते. कीड जागी झाली तेव्हा तिला यजमान पीकच मिळू नये, हे त्यामागचे सूत्र आहे.

भातावरील पिवळा खोडकिडा मुख्यतः भातावरच जगतो. त्याच्या अळ्या हिवाळा धसकटांत सुप्तावस्थेत काढतात आणि ऊन तापू लागले की पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात रोपवाटिका किंवा एप्रिल-मे मध्ये घेतले जाणारे 'साठी' भात उभे असेल, तर पहिल्या पिढीला आयते घर मिळते आणि मुख्य पिकावर येईपर्यंत किडीची संख्या वाढलेली असते. पाणी वाचवण्यासाठी आलेल्या कायद्याने उन्हाळी साठी भाताला आळा घातला आणि हा पूलही बराचसा तोडला. कायद्याच्या उद्देशात कुठेही नसलेला हा लाभ आहे.

२०२२ च्या खरिपात याचा आणखी एक दाखला मिळाला. पंजाब-हरियाणात अनेक ठिकाणी भाताची रोपे खुजी राहू लागली. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांमार्फत पसरणारा, काळ्या रेषांच्या खुज्या रोगाचा दक्षिणी विषाणू हे त्याचे कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी निश्चित केले. या विषाणूवर औषध नाही आणि तो बियाण्यातून पसरत नाही. त्यामुळे वाहक तुडतुड्यांवर लक्ष ठेवणे एवढाच मार्ग उरतो. लवकर लावलेल्या पिकात खुजेपणा अधिक आढळला, ही त्या हंगामातील महत्त्वाची नोंद होती. पाण्यासाठी योग्य असलेली तारीख पीक संरक्षणासाठीही योग्य ठरल्याचे हे उदाहरण आहे.

साखळीचे दुसरे टोक

मात्र लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी लागते. ती मागे ढकलली तर मार्च-एप्रिलच्या उष्म्यात दाणा भरत नाही. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमधील अवधी आकसला. पंजाबात दरवर्षी सुमारे २ कोटी टन भाताचा पेंढा निघतो. तो अडीच-तीन आठवड्यांत हलवणे मजुरांअभावी शक्य होत नाही आणि काडीपेटी स्वस्त असते. २०१९ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की भूजल कायद्यांनंतर शेतातील आगी अधिक थोड्या दिवसांत एकवटल्या आणि त्यांची कमाल तीव्रता ३९ टक्क्यांनी वाढली. हे दिवस हवा थंड व स्थिर असण्याचे असल्याने धूर वर न जाता जमिनीलगत साचतो.

धुराची चर्चा दिल्लीत होते. नुकसान मात्र शेतातही होते. एक टन भाताच्या पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश, १.२ किलो गंधक आणि ४०० किलो सेंद्रिय कर्ब असतो. पेंढा जळाला की कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत जाते. म्हणजे पाणी राखण्याच्या नियमाने माती राखण्याच्या कामात नकळत अडथळा आणला. त्यावर उपाय म्हणून दुसरा नियम आला : पेंढा जाळल्यास पर्यावरण भरपाई. २०२४ च्या नोव्हेंबरात तिची रक्कम दुप्पट करून दोन एकरांपेक्षा कमी जमिनीस ५ हजार, दोन ते पाच एकरांस १० हजार आणि त्यावर ३० हजार रुपये करण्यात आली. एका नियमाची कसर दुसऱ्या नियमाने भरून काढण्याचा हा प्रयत्न शेतकऱ्याला दोन्ही बाजूंनी दाबणारा ठरतो.

एका शिफारशीचा धडा

काही वर्षांपूर्वी हरियाणातील एका गावी प्रशिक्षणासाठी गेलो असता मी पेंढा न जाळता हॅपी सीडरने थेट गहू पेरण्याचा आग्रह धरला होता. एका मध्यम शेतकऱ्याने तो मनापासून स्वीकारला. भात लवकर निघाले होते, यंत्र उपलब्ध होते, म्हणून त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच पेरणी उरकली. तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला. शेतात ठिकठिकाणी गव्हाचे पोंगे सुकले होते. ओढले की सहज हातात येत होते. बुंधा चिरून पाहिला तर आत गुलाबी खोडकिड्याची अळी.

गुलाबी खोडकिडा पिवळ्या खोडकिड्यासारखा एकाच पिकाला बांधलेला नाही. भात, गहू, मका, ऊस यांवर तो उपजीविका करतो. भाताच्या धसकटांतून तो कोवळ्या गव्हावर सरकतो आणि ऑक्टोबरातील उबदार हवा त्याला मानवते. पेंढा राखण्याची शिफारस करताना मी पेरणीच्या तारखेबद्दल बोललो नव्हतो. चूक माझी होती आणि ती मी त्यांच्यासमोर मान्य केली. पुन्हा आग लावलेली बरी का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

आगीने वरच्या पेंढ्यातील काही अळ्या मरतात, हे खरे. पण जमिनीलगतच्या बुंध्यातील अळ्या वाचू शकतात आणि कोळी, भुंगेरे यांसारखे किडींचे शत्रू मात्र होरपळतात. पुढील हंगामात त्यांनी पेंढा राखला, पेरणी नोव्हेंबरात केली आणि पहिले पाणी रात्रीऐवजी दिवसा दिले. दिवसा पाणी दिले की अळ्या बाहेर पडतात आणि बगळे व इतर पक्षी त्या टिपतात. त्या वर्षी सुकलेले पोंगे तुरळकच दिसले. तारीख न सांगता दिलेली शिफारस अपुरी असते, हे मी त्या शेतात शिकलो.

सुटलेला दुवा : वाणाचा कालावधी

कायद्याने लावणीची तारीख ठरवली. पण पीक किती दिवस उभे राहील, हे ठरवले नाही. 'पुसा ४४' हा भरघोस उत्पादनामुळे लोकप्रिय झालेला वाण बियाण्यापासून कापणीपर्यंत सुमारे १६० दिवस घेतो. पंजाब कृषी विद्यापीठाचा 'पीआर १२६' लावणीनंतर ९३ दिवसांत तयार होतो. दुसरा वाण जूनच्या अखेरीस लावला तरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या प्रारंभी शेत मोकळे होते, पेंढ्याच्या व्यवस्थेला महिनाभर मिळतो आणि गव्हाची वेळ चुकत नाही. पाणी, माती आणि हवा या तिन्हींचा मेळ घालणारा दुवा हाच आहे. पंजाब शासनाने नंतर 'पुसा ४४' ला परावृत्त करण्याचे धोरण स्वीकारले. परंतु तारखेचा नियम आणि वाणाचा विचार सुरुवातीपासून एकत्र झाला असता, तर मधली अनेक वर्षे वाचली असती.

येथेही सावधगिरी हवी. भात लवकर निघते म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत वसंत मका घेण्याचा मोह वाढला, तर उन्हाळ्यात पाणी पुन्हा उपसले जाईल आणि लष्करी अळी व खोडकिड्यांना मधल्या काळातील यजमान मिळेल. वाचलेले दिवस मूग किंवा हिरवळीच्या खतासाठी वापरले तर जमिनीला लाभ होतो.

वाफशावर थेट पेरणीची 'तर-वत्तर' पद्धत हा आणखी एक पर्याय आहे. त्यात शेत आधी ओलवून, वाफसा आल्यावर भात पेरतात आणि पहिले पाणी सुमारे २१ दिवसांनी देतात. चिखलणी टळते. पंजाबने २०२२ पासून त्यासाठी एकरी १,५०० रुपयांचे प्रोत्साहन दिले आहे. तण नियंत्रण नीट जमले नाही तर मात्र शेतकरी दुसऱ्या वर्षी या पद्धतीकडे वळत नाही.

तारीख मागेपुढे का सरकते?

नियमाच्या तारखेचा प्रवासही बोलका आहे. पंजाबात १० जूनची मर्यादा २०१४ मध्ये १५ जूनवर आणि २०१८ मध्ये २० जूनवर गेली. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल होते. २०१९ मध्ये ती १३ जूनवर आली. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे परप्रांतीय मजूर मिळेनासे झाल्याने १० जून ठरली. २०२५ मध्ये तर विभागवार टप्प्यांत १ जूनपासूनच लावणीस परवानगी मिळाली. ऑक्टोबरात धान्यातील ओलावा अधिक राहतो आणि खरेदी केंद्रावर अडचण येते, हे त्यामागे दिलेले कारण होते. शेतकऱ्याची ती अडचण खरी आहे. मात्र वर दिलेला हेक्टरी ६० हजार लिटरांचा हिशेबही तितकाच खरा आहे. कमी मुदतीचा वाण असेल तर उशिरा लावूनही धान्य वेळेवर वाळते. तो नसेल तर दरवर्षी तारखेवरच दबाव येत राहणार.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी काही मुद्दे

१. कोणताही जलसंधारणाचा नियम समजावून सांगताना त्याची तारीख किंवा माप एकटे सांगू नये. त्यामागील पीक आणि त्यापुढील पीक, दोन्हींच्या तारखा एका कागदावर मांडून शेतकऱ्यांबरोबर चर्चा करावी.

२. वाणाची शिफारस करताना उत्पादनाबरोबर शेतातील मुक्कामाचे दिवस आणि लागणारे पाणी यांचाही उल्लेख करावा.

३. लावणीची तारीख बदलली की किडींचे वेळापत्रकही बदलते. गावात एक-दोन प्रकाशसापळे लावून पतंग व तुडतुड्यांची साप्ताहिक नोंद ठेवावी. मागील वर्षीच्या फवारणीच्या तारखा जशाच्या तशा वापरू नयेत.

४. पेंढा राखलेल्या शेतात, पूर्वी गुलाबी खोडकिडा आढळला असल्यास, ऑक्टोबरातील गहू पेरणी टाळावी. पाणी दिवसा द्यावे आणि पहिल्या महिन्यात सुकलेले पोंगे तपासावेत.

५. रोपवाटिकेपासून पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांचे निरीक्षण करावे. खुजी, गडद हिरवी रोपे आढळल्यास उपटून जमिनीत पुरावीत आणि नजीकच्या संशोधन केंद्राला कळवावे.

पंजाब आणि हरियाणाच्या कायद्यांनी एक गोष्ट सिद्ध केली : शेतकऱ्याच्या हक्काला थेट धक्का न लावता, एका साध्या, सर्वांना दिसणाऱ्या नियमाने पाणी वाचवता येते. त्यांनी दुसरीही गोष्ट दाखवून दिली : शेतीच्या दिनदर्शिकेतील एक तारीख हलवली की तिच्याशी बांधलेल्या बाकीच्या तारखाही हलतात. उद्या आपल्या राज्यात, आपल्या पाणलोट क्षेत्रात असा एखादा नियम येईल, तेव्हा त्याच्या मसुद्यावर जलतज्ज्ञांबरोबरच मृदाशास्त्रज्ञ, वाण पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ आणि प्रत्यक्ष शेत कसणारे एकत्र बसले पाहिजेत. नियम लागू झाल्यावर तो कोठे टोचतो आहे, हे सर्वांत आधी गावात काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याला कळते. त्याची नोंद वर पोहोचवणे, हेही जलसंधारणाचेच काम आहे.